सतराव्या फळीची टकटक

यहाता, २२ एप्रिल १९९६

चि. चिगुसा हिला तामेकिची मामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

डोंगरावरची चेरी झडून कोवळी पानं आली आहेत. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी मामी गुडघ्याची तक्रार करते आणि त्याच गुडघ्याने दिवसातून चार वेळा बाजार करते, तेव्हा काळजी नसावी.

तुझे चोवीस ब्रॅकेट आज ट्रकवर चढवले. पंचेचाळीस वर्षं मी मुलामा देतोय. नळ झाले, सायकलच्या घंट्या झाल्या, पोलाद कारखान्याचे बोल्ट तर किती झाले त्याला गणती नाही. पण माझ्या हातची सगळ्यात उंच गेलेली वस्तू म्हणजे आपल्या लाल पुलावरच्या दिव्याचं टोपण. आता एकदम आभाळापलीकडे! एवढ्या मोठ्या अंतराळ संस्थेत सगळे नामवंत कारखानदार सोडून तू या अडाणी मामाचं नाव पुढे केलंस, हे मी विसरणार नाही. कारखान्यातल्या हिसानोबाईंना सांगितलं की आपला माल उपग्रहावर जाणार, तर म्हणाल्या, जाऊ दे, निदान तिथून तक्रार घेऊन कोणी परत येणार नाही.

तुझ्या नकाशाप्रमाणे प्रत्येक तुकड्याला अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर चढवलाय आणि पायथ्याशी नाण्याएवढं वर्तुळ तेवढं उघडं ठेवलंय. त्या वर्तुळांवर थर चढू नये म्हणून मास्किंगची चिकटपट्टी हिसानोबाईंनी श्वास रोखून लावली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण हात अजून सुईसारखा. वर्तुळं ताज्या माशाच्या डोळ्यासारखी चमकतायत. ती कशासाठी उघडी ठेवायची ते मात्र कळव. मी तर उघडा धातू दिसला की अस्वस्थ होतो.

बांधणी मी स्वतः केली. मामीने आहेराचा पांढरा कागद काढून दिला. माल पहिल्यांदाच भाचीच्या घरी चाललाय, तर खोक्यावर त्या कारखान्याच्या मळकट चिठ्ठ्या लावू नका म्हणून मी बाईंना बजावलं. सोबत कोंड्यात मुरवलेल्या सार्डिनची बरणी आहे. वास येईल. साहेबांच्या टेबलावर उघडू नकोस.

फोन कर म्हणतेस, पण मला पत्रच बरं वाटतं. तेराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा तुझी आई सूतगिरणीत होती. माझं प्रत्येक पत्र लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ती परत पाठवायची. जमलेल्या ओळीभोवती लाल गोल, आणि पानच्या पान जमलं तर त्या गोलाला फुलाच्या पाकळ्या. मला लिहायला त्या लाल पेन्सिलीने शिकवलं. ताई जाऊन चार वर्षं झाली, पण सवय जात नाही. चूक दिसली तर तूही खूण कर.

मामावर माया आहे तशीच राहू दे, ही विनंती.

तुझा,
तामेकिची मामा

•

त्सुकुबा, ६ मे १९९६

ती. मामांच्या पायांशी चिगुसाचा सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. आमच्या विभागातली मंडळी कागद फाडायला धजेनात; कुणी म्हणे हे सुटे भाग आहेत की लग्नाचा आहेर. आमचे प्रमुख कुमाबेसान कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनीही एक ब्रॅकेट दिव्याखाली धरून दोनदा फिरवला, हूं म्हणाले आणि ठेवला. मामा, त्यांचं हूं म्हणजे दुसऱ्या कुणाची टाळी समजा. सार्डिनची बरणी मी घरीच उघडली. शेजारीण विचारत आली, आणि अर्धी बरणी घेऊन गेली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वरची पोकळी म्हणतात तशी रिकामी नसते. तिथे विजेच्या कणांची झड लागलेली असते, आणि सूर्य खवळला की ती झड दाट होते. आमच्या उपग्रहाला, ‘चिदोरी’ला, तिथे पायाखाली जमीन नाही. तिच्या ज्या अंगावर ऊन असतं तिथून भार उडून जातो, सावलीतल्या अंगावर तो साचत राहतो. सगळं अंग एकमेकांना बांधलेलं असेल तर बिघडत नाही, सगळ्या चिदोरीचा भार एकदमच वाढतो. पण एखादा तुकडा सुटा राहिला तर तो एकटाच भरत जातो आणि शेवटी ठिणगी उडते. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढून दाराच्या मुठीला हात लावल्यावर आई ओरडायची ना, तेच. फक्त इथे त्या एका चटक्याने उपग्रहाची वाचाच जाऊ शकते.

चिदोरीच्या सावलीच्या बाजूला चोवीस फळ्या आहेत. त्यांवर मी सुचवलेला नवा काळा रंग आहे, वीज वाहून नेणारा. त्या रंगासाठी मी दोन वर्षं भांडले हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक फळी तुमच्या एकेका ब्रॅकेटवर बसते, आणि ते उघडं वर्तुळ म्हणजे फळीवरच्या भाराची सांगाड्याकडे जायची वाट. तुमच्या भाषेत अर्थिंग. स्क्रू आवळून मीटर लावलं, चोवीसच्या चोवीस चोख.

आता जूनमध्ये हादऱ्यांची चाचणी, मग निर्वात टाकी. मामीच्या गुडघ्याला सांगा की बाजार मामांना करू दे.

आपला लोभ हीच माझी शिदोरी.

आपली,
चिगुसा

•

त्सुकुबा, २ जुलै १९९६

ती. मामांना चिगुसाचा सा. न. वि. वि.

पावसाळा अजून हटत नाही, आणि माझ्या मनाचंही तेच झालंय. राग मानू नका, आज काळजीचंच पत्र आहे.

हादऱ्यांतून चिदोरी पार पडली. मग तिला निर्वात टाकीत ठेवून विजेच्या कणांचा झोत सोडला, आणि ठिणग्या उडू लागल्या. टाकीला एकच लहान खिडकी आहे, तिथून काही दिसत नाही. पण रेडिओवर प्रत्येक ठिणगीचा आवाज येतो. पहिला टक्क ऐकला आणि मी तो आवाज कॅसेटवर भरायला लावला.

कुमाबेसानांना माझा रंग सुरुवातीपासून पसंत नव्हता. सगळ्यांसमोर म्हणाले की चिगुसासानांचा रंग म्हणजे नवी सून, घरात आली आणि भांडी वाजायला लागली. सगळे हसले. मीही हसले, मग हात धुवायला म्हणून गेले आणि बराच वेळ धूत बसले. माणूस वाईट नाही, मामा. त्यांच्या तरुणपणी एक उपग्रह असाच वर जाऊन मुका झाला होता, तेव्हापासून ते नव्या गोष्टीला भितात. पंचवीस तारखेला मोठी तपासणी आहे. तोवर कारण सापडलं नाही तर चोवीस फळ्यांवरचा रंग खरवडून जुनं आवरण चढवायचं, असं ठरलंय. मग मलाही कागदपत्रांच्या टेबलावर बसवतील. तसं कोणी बोललं नाही, पण बोलायला लागतंय कशाला?

कुणाला काही सुचत नाही. एकदम आठवलं की लहानपणी मी तुमच्या कारखान्यात यायचे तेव्हा तुम्ही टाक्यांकडे पाठ करून चहा प्यायचात, आणि मध्येच सांगायचात की तीन नंबरच्या टाकीत माल टांगलेला एक हूक ढिला आहे. तो ढिलाच असायचा! म्हणून त्या आवाजाची कॅसेट सोबत पाठवते आहे. हसू नका. ऐका फक्त.

आशीर्वादाची आज जरा जास्त गरज आहे.

आपली,
चिगुसा

•

यहाता, ६ जुलै १९९६

चि. चिगुसाला अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅसेट मिळाली. मी कशाला हसू? मामाला विचारावंसं वाटलं, यातच मला वर्षभराची मजुरी मिळाली. गिऑनच्या उत्सवासाठी गल्लीत ढोलांचा सराव चालू आहे, म्हणून दारं-खिडक्या लावून जेवणाच्या सुट्टीत ऐकली. तीनदा ऐकली. मामी म्हणाली, भाचीने गाणं धाडलंय की घड्याळ?

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरी, छप्पर जुनं झालं आणि दहा जागी गळू लागलं की आवाज कसा येतो? तडतड, तालाला पत्ता नाही. तव्यावर तीळ टाकावेत तसा. तुझा रंग वाईट असता तर असा आवाज आला असता, कारण रंग चोवीस फळ्यांवर आहे. पण या कॅसेटमध्ये अकरा सेकंदांनी टक्क, परत अकरा सेकंदांनी टक्क. मी नाडी धरून मोजलंय, आणि नाडीवर विश्वास नको म्हणून मामीचं घड्याळही ठेवलं होतं. म्हणजे छप्पर एकाच जागी गळतंय. एकच भांडं भरतंय, सांडतंय, पुन्हा भरतंय.

खात्री करायची तर तो झोत दुप्पट कर. टकटक दुप्पट वेगाने झाली आणि ताल मोडला नाही, तर समज की भांडं एकच आहे. मग ते कुठलं ते शोध. आमच्याकडे एखाद्या नळावर मुलामा चढला नाही तर आम्ही रसायन बदलत नाही, आधी त्याला वीज देणारा हूक बघतो. नव्याण्णव वेळा दोष टेकण्याच्या जागी असतो. तुझ्या साहेबांना सांग की भांडी सून वाजवत नाहीये, एक खुंटी ढिली आहे. पण गोड शब्दांत सांग हो. माझ्या शब्दांत सांगू नकोस.

धीर सोडू नकोस. तुझी आई गिरणीत रात्रपाळी करून दिवसा माझी पत्रं दुरुस्त करायची. तू तिची मुलगी आहेस.

पत्राची वाट बघतो, तेव्हा मामाला विसरू नये.

तुझा,
तामेकिची मामा

•

त्सुकुबा, १० जुलै १९९६

ती. मामांना सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. झोत दुप्पट केला. साडेपाच सेकंद, साडेपाच सेकंद, साडेपाच सेकंद! ताल जरासुद्धा मोडला नाही. कुमाबेसान रेडिओ कानाला लावून बसले होते. विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, आमच्या मामांच्या छपरात.

मग खिडकीला कॅमेरा लावून सगळे दिवे घालवले आणि निळा ठिपका सापडला. सतराव्या फळीचा पायथा. टाकी उघडली, तर हादऱ्यांनी तिथला स्क्रू अगदी केसभर ढिला झाला होता. पण मामा, तेवढ्याने अर्थिंग तुटायला नको, कारण खाली उघडा धातू आहे. म्हणून स्क्रू काढून थेट त्या वर्तुळावर मीटर टेकवलं, तर काटा हलेना. भिंगातून पाहिलं तर जागा लख्ख, माशाच्या डोळ्यासारखी. मग वीज जात का नाही?

तो ब्रॅकेट कुठून आला असं कुमाबेसानांनी विचारलं. पुरवठादाराला विचारून सांगते म्हटलं. पुरवठादार माझा मामा आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि मीही आज सांगितलं नाही. मामा, त्या वर्तुळावर काही लावलं होतं का? तुमच्यावर संशय नाही. पण मला दुसरं काही सुचत नाही.

आपली,
चिगुसा

•

यहाता, १३ जुलै १९९६

चि. चिगुसाला आशीर्वाद. आज ते द्यायला जीभ जड झाली आहे, तरी देतो. वि. वि.

लावलं होतं. मीच लावलं होतं.

आपल्या गावाला खाडीचा खारा वारा. उघडं अ‍ॅल्युमिनियम आठवड्यात पांढुरकं पडतं. म्हणून माल बाहेर पाठवताना प्रत्येक उघड्या जागेवर आम्ही कांद्याच्या सालीएवढा पातळ लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात फिरवतो. तीस वर्षांची रीत आहे. डोळ्याला दिसत नाही, वीज मात्र अडवतं. घेणारा थिनरच्या बोळ्याने पुसतो आणि मग वापरतो. आणि तो पुसायला विसरू नये म्हणून खोक्यावर एक छापील चिठ्ठी असते: जोडण्याआधी पुसून घ्या. त्याच त्या मळकट चिठ्ठ्या, चिगुसा, ज्या मी लावू दिल्या नाहीत. आहेराच्या कागदावर त्या शोभल्या नसत्या.

यहातातला कुठलाही फिटर चिठ्ठीवाचूनही पुसेल. तुमच्याकडे ही रीत नाही हे मला कळायला हवं होतं. पहिल्यांदा आवळलेल्या स्क्रूने कडेला जरासं लॅकर खरवडलं असणार, म्हणून मीटर चोख दिसलं. हादऱ्याने स्क्रू हलला, वाट बंद झाली. बाकी तेवीस आज नशिबाने टेकलेले आहेत. त्यांचाही भरवसा धरू नकोस, चोवीसही सोडवून पूस. सोबत थिनरची नेमकी जात लिहिली आहे, तुझ्या रंगाला थेंबही लागू देऊ नका.

हे हिसानोबाईंना वाचून दाखवलं. त्या रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, मालक, मी तेव्हाच चिठ्ठी हातात घेऊन उभी होते. उभ्या होत्या खऱ्या. माझ्या कानांची एवढी ख्याती, पण समोर उभ्या बाईचं मी ऐकलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या अहवालात ‘एका पुरवठादाराकडून’ असं लिहू नकोस. इकुशिमा प्लेटिंग, यहाता, मालक इकुशिमा तामेकिची, असं पूर्ण लिही, आणि तो तुझा मामा आहे हेही लिही. पुन्हा काम मिळणार नाही, चालेल. माल आभाळात जाणार असं ठरलं तेव्हा नाव सांगत मी गावभर हिंडलो, माशाच्या बाजारातसुद्धा सांगितलं. मग दोषाच्या वेळी नाव खिशात कसं घालू? आणि तू ते लपवलंस आणि उद्या कोणी काढलं, तर रंग राहील पण तुझा शब्द जाईल. ताईने माझी एकही चूक खोडरबराने पुसली नव्हती. लाल रेघ मारून ती मला बघायला लावायची.

तुझी झोप, तुझी अब्रू मी पणाला लावली. माफी मागायला तोंड नाही, म्हणून कागदावर मागतो. जमलं तर माया ठेव.

तुझा चुकलेला मामा,
तामेकिची

•

त्सुकुबा, २९ जुलै १९९६

ती. मामांच्या पायांशी चिगुसाचा कृतज्ञ सा. न. वि. वि.

तपासणी पार पडली! चोवीसही वर्तुळं पुसली, स्क्रू परत ढिले होऊ नयेत म्हणून पकड बसवली, पुन्हा हादरे, पुन्हा टाकी. चार तास झोत सोडला आणि रेडिओ गप्प. कुमाबेसानांनी रेडिओ बंद तर नाही ना म्हणून त्याला दोनदा थोपटलं. रंग राहिला, मामा. मीही राहिले.

अहवालात तुमचं नाव पूर्ण लिहिलं, नातं लिहिलं, चिठ्ठीची हकीकतही तुमच्याच शब्दांत लिहिली. खरं सांगते, पाठवण्याआधी संध्याकाळभर ते पान पुढ्यात घेऊन बसले होते. कुमाबेसानांनी वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले की मामा लागतो हे आधीच सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, दोष शोधणाराही हाच आणि दोष करणाराही हाच का? मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले की तीस वर्षांत असंख्य पुरवठादारांची पत्रं वाचली. सगळी हवामानापासून सुरू होऊन वाहतूकदारावर संपतात. ‘मीच लावलं होतं’ असं लिहिणारा पहिलाच भेटला. पुढच्या उपग्रहाचे भाग यहाताकडेच पाठवा, आणि चिठ्ठी नसेल तर खोकं परत करा. सूनबाईंच्या भांड्यांबद्दलही पुटपुटत काहीतरी म्हणाले. मी ते क्षमा म्हणून धरलं.

तुमचं तेरा तारखेचं पत्र सोबत परत पाठवते आहे. आईची लाल पेन्सिल माझ्याकडे आहे, बोटभर उरली आहे. तुम्ही चूक दिसली तर खूण कर म्हणाला होतात. दोनदा वाचलं. पान उलटून पाहा.

मामींना आणि हिसानोबाईंना नमस्कार. बाईंना सांगा, पुढच्या वेळी चिठ्ठी त्यांनीच चिकटवायची, मालक काहीही बोलोत.

तुमच्या मायेवर वाढलेली,
चिगुसा

•

यहाता, १९ एप्रिल १९९७

चि. चिगुसाला मामा-मामीचे आणि सगळ्या कारखान्याचे आशीर्वाद. वि. वि.

पुन्हा चेरी झडली. फेब्रुवारीत चिदोरी उडाली तेव्हा आम्ही टीव्हीसमोर हात जोडून उभे होतो. हिसानोबाई म्हणाल्या की धूर फार झाला, अर्थिंग नीट असेल ना.

तुझी नवी कॅसेट काल आली. तू लिहितेस की गेल्या आठवड्यात सूर्य खवळला, तीन दिवस चिदोरीवर कणांची झड लागली होती, आणि तिच्यावरच्या ठिणग्या मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींना तू इथे जमिनीवर आवाज जोडून त्यातला एक तास कॅसेटवर भरला आहेस. एकेका ठिणगीला एक टक्क. काम थांबवून टाक्यांचे पंखेसुद्धा बंद करायला लावले आणि सगळ्यांना ऐकवली.

पाच मिनिटांनी हिसानोबाई कुजबुजल्या की पोरीने चुकून कोरी धाडली वाटतं. मी म्हटलं, बाई, ऐका. दहा मिनिटांनी मामीचा गुडघा वाजला तर सगळे दचकले. त्यानंतर कोणी हललं नाही. कॅसेटची फिरायची हलकी घरघर, खाडीवरून एका बोटीचा भोंगा, बस. सतराव्या फळीच्या जागेवरून काही नाही. मी नाडी धरून बसलो होतो. दर अकराव्या ठोक्याला श्वास अडकायचा, आणि काही न होता सुटायचा. बाजू संपून बटण उडालं तेव्हा बाईंनी एप्रनला डोळे पुसले. तुझ्या आईने ऐकली असती तर तीही अशीच गप्प बसली असती.

तुझ्या लाल पाकळ्यांचं पान मी ऑफिसात फ्रेम करून लावलंय. गिऱ्हाईक विचारतात, बक्षीस कशाचं? मी सांगतो, एका चुकीचं. पुढचे भाग या सोमवारी निघतायत. मळकट चिठ्ठी बाईंनी चारही बाजूंना लावली आहे, आहेराचा कागद त्याखाली कुठेतरी आहे.

आणि एक. काहीच नाही तर वाया कशाला घालवायची म्हणून मामीने ही कॅसेट तिची गाणी भरायला मागितली. मी दिली नाही. कॅसेटच्या कडेच्या दोन्ही खुंट्या मोडून टाकल्या, आता तिच्यावर कोणाला काही भरता येणार नाही.

तुझ्या मायेचा ऋणी,
तामेकिची मामा